अकराशेचा कान

कोल्हापुरात माणूस मोठ्यानं बोलतो म्हणून त्याला कमी ऐकू येतं असं धरायला लागलो, तर निम्मा जिल्हा कानाच्या डॉक्टरकडे न्यावा लागेल. कृष्णात चौगले यांच्या कानांचं इतकी वर्षं कुणाला कळलं नाही ते यामुळेच. मलाही कळलं नाही. आणि मी तर इंजिनिअर होते, तपासणी खात्यात होते, दिवसभर आवाजाशीच माझं काम होतं.

२००३ साली मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत लागले. वय तेवीस, घर गडहिंग्लजचं, घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि पगारापेक्षा रुबाब जास्त. आमच्याकडे ट्रॅक्टरच्या चाकाचे हब ओतले जायचे. हब म्हणजे चाकाच्या मधला लोखंडी तुंबा, ज्याच्यावर सगळं चाक तोललेलं असतं. उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या मागं असताना तो उतारावर फुटला तर काय होईल हे या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. त्यामुळे प्रत्येक हब तपासूनच गेटबाहेर जायचा. आणि तपासायचं काम कृष्णातमामा अठरा वर्षं एकटे करत होते.

तपासायचं म्हणजे ठोकायचं. छतावरून एक साखळी, साखळीला हूक, हुकाला हब. मामांच्या हातात पेरूएवढ्या डोक्याची हातोडी. हलका एक टोला. टण्ण. लगेच खडूनं बरोबरची खूण, नाहीतर फुली. कान टवकारणं, डोळे मिटणं, मान कलती करणं, असलं काही नाटक नव्हतं. गवार मोडावी तसे ते हब ठोकत जायचे, मध्येच तंबाखू मळायचे, शेजारच्या ग्राइंडरवाल्याला शिव्या घालायचे आणि पुढचा ठोकायचे. तासाला साठ-सत्तर.

फाउंड्री आधी उद्यमनगरात होती तेव्हाची एक गोष्ट मला आल्या आल्या तिघांनी तीन तऱ्हांनी सांगितली. मामांनी एकदा भट्टीचा सगळाच्या सगळा माल फुली मारून बाजूला काढला होता. थोरले मालक भडकले. मामा म्हणाले, फोडून बघा. फोडला. आतला धातू नासका निघाला. त्या दिवसापासून मामांच्या फुलीवर कुणी उलट बोललं नाही, आणि फाउंड्रीत त्यांचं नावच 'कान' पडलं.

हा मान त्यांनी जिवापाड सांभाळला. फाउंड्रीत कानात घालायचे बोळे मिळत, पण मामांनी ते कधी शिवलेसुद्धा नाहीत. त्यांचं म्हणणं, कानाला बोळा घातला की कान आळशी होतो, बसून खाणाऱ्या पैलवानासारखा. आणि तपासणीचं टेबल त्यांनी मुद्दाम साचे फोडायच्या जागेशेजारी मागून घेतलेलं. तिथं वाळूचे साचे थरथरवून फोडतात. तो आवाज असा की पोटातलं जेवण हलतं. त्या गदारोळात ज्याला लोखंड ऐकू येतं त्याचा कान खरा, असं ते म्हणत. आम्ही सगळे मान डोलवायचो. मीसुद्धा डोलवली, हे लिहायला आज लाज वाटते.

२००४ मध्ये मी हट्ट करून मशीन आणवलं. अल्ट्रासॉनिक. हबला ग्रीस फासायचं, वर पेनाएवढा एक गट्टू टेकवायचा, पडद्यावर रेघ उमटते. आवाज लोखंडातून आरपार जातो, पलीकडच्या बाजूला आपटून परत येतो, आणि मध्ये पोकळी असली तर लवकर परत येतो. पोरांनी पहिल्याच दिवशी त्याला 'लोखंडाची सोनोग्राफी' म्हणून टाकलं. मामा आपली हातोडी बाजूला ठेवून बघायला आले.

"आवाज कुठाय?" त्यांनी विचारलं.

"आहे. पण तो ऐकू येत नाही. फार बारीक आहे."

"किती बारीक?"

"एका सेकंदात चाळीस लाख वेळा थरथरतो. माणसाच्या कानाला जास्तीत जास्त वीस हजार झेपतात."

मामांनी गट्टू कानाशी लावला. ग्रीस कानाला लागलं. "म्याडम, जो ऐकू येत न्हाय त्याला आवाज का म्हणायचं? उद्या मी म्हणीन, माझ्या घरात हत्ती हाय, पर दिसत न्हाय."

सगळे हसले. मला राग आला. पुस्तकात व्याख्या होती, ती मी म्हणून दाखवली, आणि ती म्हणताना मलाच वाटलं की हिच्यात काही दम नाही. मामांनी मग खिशातून नवाकोरा मोबाईल काढला. मुलीनं घेऊन दिलेला. "आनि ह्येच्यातून जातोय त्यो आवाज किती येळा थरथरतोय?"

"तो आवाज नव्हेच मामा. ती वेगळी लाट. विजेची आणि चुंबकाची. सेकंदाला नव्वद कोटी वेळा."

"आवाज न्हवं? मग माझी पोरगी त्यातनं बोलती ती काय लाइटबिलावर बोलती?"

मी समजावलं. आवाजाची वीज होते, विजेची लाट होते, टॉवरवर जाते, परत वीज, परत आवाज. ते ऐकत होते, निदान मला तसं वाटत होतं. शेवटी म्हणाले, "म्हंजे मोबाईल नव्वद कोटी, तुमचं मशीन चाळीस लाख. आमचं लोखंड किती?" ते मला माहीत नव्हतं.

माहीत करून घ्यावं म्हणून मी चार चांगले आणि चार फुलीचे हब टेंपोत घालून माझ्या वारणानगरच्या कॉलेजात नेले. तिथं मायक्रोफोन लावून, ठोकून, संगणकावर मोजले. चांगले हब सेकंदाला अकराशे चाळीस थरथरींच्या आसपास वाजत होते, नासके हजार पन्नासच्या आसपास. फरक नव्वदचा. मामा तो फरक शिव्या घालत घालत, तंबाखू मळत ओळखत होते. परत येऊन आकडा सांगितला तेव्हा ते खूश झाले, पण जरा हिरमुसलेही. "अकराशेच? नव्वद कोटीपुढं लईच गरीब हाय की माझं लोखंड."

आता माझ्या डोक्यात गोंधळ सुरू झाला तो इथून. मशीन आणि मामा यांचं जमेना. एका हबवर मामांची फुली, मशीन म्हणतं उत्तम. कापून बघितला, तर कडेला केसाएवढी चीर, नेमकी जिथं मी गट्टू टेकवला नव्हता तिथं. दुसऱ्या हबला मामांची बरोबरची खूण, मशीन म्हणतं पोकळी. कापला, तर पोकळी. पोकळी एवढीशी की तिच्यानं आवाज बदलत नव्हता. दोघेही खरे आणि दोघेही चुकीचे. मी धाकट्या मालकांना, विजयसिंहांना विचारलं, कुणाचं धरायचं? ते म्हणाले, "दोघांचं धरा की. नापास करायला काय जातंय?" पण दोघांचं धरलं की नापास मालाचा ढीग वाढला, आणि मग तेच ओरडायला लागले.

त्यातच पावसाळ्यानंतर कानाची तपासणी आली. फाउंड्रीतल्या सगळ्यांचे कान वर्षातून एकदा तपासून घ्यायचं नव्यानं ठरलं होतं. शहरातल्या एक डॉक्टरीणबाई गाडी घेऊन आल्या. गाडीत बंद खोली. कानावर मोठे हेडफोन लावायचे, आवाज आला की बटण दाबायचं. मामा सगळ्यात शेवटी गेले, थाटात, मिशीवरून हात फिरवत. आपल्या कानाला आता बक्षीसच मिळणार, अशा चालीनं.

आठवड्यानं कागद आले. मामांच्या कागदावरची रेघ सेकंदाला हजार थरथरींपर्यंत सरळ चालत होती, दोन हजाराला वाकली होती आणि चार हजाराला विहिरीत पडल्यासारखी खाली गेली होती. दोन्ही कानांची तीच गत. खाली शेरा होता: मोठ्या आवाजामुळे कायमचं नुकसान, ताबडतोब आवाजापासून दूर काम द्यावं. सोबत बदलीचा फॉर्म. तपासणी खात्यात इंजिनिअर मी एकटीच, म्हणून त्यावर सही मी करायची होती.

विजयसिंह म्हणाले, फॉर्म दाबून ठेवा, कान गेला तर फाउंड्रीची इज्जत गेली. मामांना दाखवला तर ते कधी नव्हे ते हळू बोलले. "म्याडम, मला बहिरा म्हणायलाय व्हय? एवढं एकच तर येतंय मला. ह्यातनं काढलासा तर मी कोण?"

मला डॉक्टरीणबाईंचं मशीनही खोटं वाटायला लागलं. खात्री करायची म्हणून मी वीस हब घेतले. त्यातले सहा नासके होते, खुणा पुसल्या, क्रम उलटापालटा केला. मामांनी वीस टोले मारले. सहाच्या सहा फुल्या बरोबर. तो कागद हातात धरून मी तिथंच उभी राहिले. जो माणूस डॉक्टरच्या हिशेबानं बहिरा, तो नव्वदचा फरक ओळखतो. आणि मी, वीस हजारापर्यंत धडधाकट कान असलेली, मला वीसही हब सारखेच वाजले.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेले आणि भांडायच्या सुरातच विचारलं. त्यांनी शांतपणे ती रेघ परत दाखवली.

"तुमचं लोखंड कितीवर वाजतं?"

"अकराशे."

"मग त्यांना ते ऐकू येणारच. इथं रेघ शाबूत आहे. आवाजानं आधी चार हजाराचं खाल्लं जातं. मग तीन, मग दोन. आज ना उद्या हजारावर येईल. तिथंच बसून राहिले तर लवकर येईल."

"आणि चार हजाराला काय वाजतं?"

"फाउंड्रीत? कामाचं काही नाही." त्यांनी रेघेच्या पडलेल्या टोकावर बोट ठेवलं. "घरात मात्र वाजतं. पाखरं, बांगड्या, लहान मुलांची कुजबुज, बाईमाणूस पाठमोरं हळू बोललं तर त्यातलं निम्मं."

हे मामांना कसं सांगायचं? फाउंड्रीत बोलणं म्हणजे ओरडणं. म्हणून रविवारी मी त्यांच्या घरी कसबा सांगावला गेले. मामा शेताकडं गेले होते. त्यांची बायको शालूबाई ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. बारीक चणीच्या, बोलणं इतकं हळू की मला पुढं सरकून बसावं लागलं. मी म्हटलं, मामांच्या कानांबद्दल आलेय.

"कानाला काय धाड भरलीय त्यांच्या?" त्या म्हणाल्या. "समदं ऐकू येतंय. माझंच तेवढं ऐकू येत न्हाय."

मग, मी परकी होते म्हणूनच बहुतेक, त्यांनी सांगून टाकलं. त्र्याण्णव साली त्या भावाच्या लग्नाला माहेरी गेल्या. मामा म्हणाले होते, आठ दिवसांत ये. त्या महिनाभर राहिल्या. परत आल्यापासून मामांनी त्यांना उत्तर देणं हळूहळू बंद केलं. चुलीपुढून विचारलं, ताट करू का, तर गप्प. पाणी तापलंय म्हटलं, तर गप्प. एकदा विचारावं, दोनदा विचारावं, तिसऱ्यांदा आपली अब्रू का घालवावी? त्यांनीही बोलणं कमी केलं. "अकरा वर्सं झाली. एका लग्नापायी मानूस एवढा डूख धरतोय का हो, बाई?"

मी उत्तर द्यायच्या आत मामा आले. खांद्यावर वैरण, मला बघून थबकले. शालूबाई त्यांच्या मागून गेल्या, काहीतरी विचारत. मला स्पष्ट ऐकू आलं: चहात साखर घालू का, बाईंना गूळ चालंल? मामांनी मान वळवली नाही. शालूबाईंनी माझ्याकडं अशी नजर टाकली की बघा, खोटं बोलत होते का मी?

मी इंजिनिअर आहे, असले संसार सोडवायला मला कुणी शिकवलं नव्हतं. पण मला राग आला. कुणाचा, ते धड सांगता येणार नाही. बोळ्यांचा, त्या टेबलाचा, 'कान' म्हणून पाठ थोपटणाऱ्या सगळ्यांचा, माझा. मी मामांच्या समोर उभी राहिले आणि फाउंड्रीतल्यासारखं ओरडून म्हणाले, "मामा, मामी तुम्हाला आत्ता काय म्हणाल्या?"

"ती कुठं काय म्हणाली? ती बोलत न्हाय माझ्यासंगं. भावाच्या लग्नास्नं आली, ती तोंड फुगवूनच आली. मी लवकर ये म्हटलं त्येचा राग. पयल्यांदा बोलणं थांबीवलं. मग बांगड्या बी बदलल्या."

"बांगड्या?" शालूबाई म्हणाल्या.

मामांना तेही ऐकू आलं नाही. ते माझ्याशीच बोलत राहिले. "काचंच्या काढून पलास्टिकच्या घातल्या. मला कळत न्हाय व्हय? घरात फिरली तर आवाज येत न्हाय. सवाशीण बाईनं नवऱ्यावर असा राग काढायचा असतोय का? मी एक शबुद इचारला न्हाय. म्हटलं, तिची मर्जी."

शालूबाई पुढं आल्या. हाताच्या कोपरापर्यंत हिरवा चुडा होता, काचेचा, दर नागपंचमीला दारात येणाऱ्या कासाराकडून भरलेला. त्यांनी तो हात मामांच्या कानाशी नेला आणि हलवला. माझ्या कानात खणखणलं. मामा बघत राहिले. त्यांनी अंगठ्याच्या नखानं एका बांगडीवर टिचकी मारली, हबवर मारायचे तशीच, मोजून हलकी. मग दुसरीवर. मग तिसरीवर. अठरा वर्षं ज्या चेहऱ्यावर टोल्यानंतर काही दिसत नसे, तिथं पहिल्यांदाच काहीतरी दिसलं. हा माणूस घाबरला होता.

"काचंच्या हैत," ते म्हणाले. ते विचारत होते की सांगत होते, मला कळलं नाही.

मी डॉक्टरीणबाईंचा कागद जमिनीवर पसरला आणि बोटानं रेघ दाखवत दोघांना सगळं सांगितलं. हजार, दोन हजार, चार हजार. मोठ्यानं, सावकाश. शालूबाईंना आकडे कळत नव्हते, पण रेघ कुठं पडते ते त्यांना माझ्या आधी कळलं. "म्हंजे ह्यास्नी राग न्हवता," त्या म्हणाल्या, आणि शेंगांच्या टरफलातच बसल्या. रडल्या की हसल्या, तेही मी नक्की सांगत नाही. अकरा वर्षं दोघंही एकमेकांचा रुसवा जायची वाट बघत होती, आणि रुसलेलं कुणीच नव्हतं. मी चहा न घेताच निघाले. गूळ होता की साखर, ते राहिलंच.

सोमवारी मामा कामावर आले, पण टेबलाकडं गेले नाहीत. सरळ माझ्या केबिनमध्ये आले. हातोडी हातात होती. मी फॉर्म खणात लपवला, कारण तोपर्यंत माझंही ठरलं नव्हतं. सही केली तर मामांचा कान वाचणार, पण 'कान' जाणार. नाही केली तर उलट.

"म्याडम, हजाराचं शाबूत हाय म्हणाल्या न्हवं डॉक्टरीणबाई?"

"हो."

"आनि माझं लोखंड अकराशेवर."

"हो मामा."

"काल ती दिवसभर जाड्या आवाजात बोलली माझ्यासंगं. पुढ्यात बसून, बाप्यावानी आवाज काढून. निम्मं कळलं. आज सकाळी त्याहून जास्त कळलं." त्यांनी हातोडी या हातातून त्या हातात घेतली. "त्यो आवाज कितीवर येतोय?"

"जाड्या आवाजातला? बराचसा हजाराच्या खालीच, मामा. अगदी नेमकं नाही सांगता येणार."

"म्हंजे लोखंडाच्या शेजारीच."

"शेजारीच."

त्यांनी हातोडी माझ्या टेबलावर ठेवली. "मग उरलाय तेवढा कान लोखंडाला कशाला देऊ? अठरा वर्सं त्यालाच दिला की. कुठाय त्यो फारम?"

मी खण उघडला आणि सही केली. विजयसिंह महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. पुढच्याच महिन्यात चीर गेलेला एक हब गेटबाहेर पडला आणि गिऱ्हाइकाकडून परत आला, तेव्हा बोलले, आणि काय बोलले ते इथं लिहिता येत नाही. मामांना साचे घडवायच्या लाकडी नमुन्यांच्या कोठारात काम मिळालं. तिथं उंदरांशिवाय कुणी आवाज करत नाही. निवृत्त होईपर्यंत ते तिथंच होते, कानात बोळे घालून, जिथं बोळ्यांची काही गरज नव्हती तिथं.

हातोडी माझ्या खणात आहे. अधूनमधून हुकाला हब अडकवून मी टोला मारते. पाच वर्षं झाली, मला अजून सगळे सारखेच वाजतात.